पिशव्या कोण सांभाळणार?
मालवण-तारकर्लीची सहकुटुंब सहल आणि समुद्राखालची पंधरा मिनिटे

आपल्याकडे कुटुंबाची सहल समुद्रावर गेली, की एक दृश्य हमखास दिसते. मुले पाण्यात धिंगाणा घालत असतात. घरातले पुरुष गुडघाभर पाण्यात उभे राहून एकमेकांचे फोटो काढत असतात. आणि घरची बाई वाळूत चादर टाकून चपला, पिशव्या, मोबाइल आणि कोरडे कपडे सांभाळत बसलेली असते. संध्याकाळी ओल्या कपड्यांचे बोचके तिच्याच हाती येते आणि सहल संपते. ती घरी येऊन सांगते, 'समुद्र पाहिला.' पाहिला हे खरेच. पण तिचे पाऊल काही पाण्याला लागलेले नसते.

अशा घरात स्कूबा डायव्हिंगचा विषय काढला तर लोक हसतात. हा शब्द आपण सिनेमात ऐकलेला. पाठीला टाकी लावून परदेशी माणसे निळ्या पाण्यात पोहतात, हा श्रीमंतांचा शौक, आपल्या पगारात कुठे बसायचा, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आपल्याच राज्यात, सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या मालवण, तारकर्ली आणि देवबागच्या किनाऱ्यावर दर हंगामात साधी नोकरदार कुटुंबे समुद्राखाली जाऊन येतात. पोहता न येणारी माणसेही प्रशिक्षकाचा हात धरून खालचे मासे पाहून वर येतात. हा खेळ आता आपल्या आवाक्यातला आहे. मात्र त्यासाठी दोन गोष्टी घरातूनच ठरवून निघाव्या लागतात. पहिली, घरातल्या प्रत्येकाला पाण्यात उतरण्याची पाळी मिळाली पाहिजे. दुसरी, उतरण्यापूर्वी विचारायचे ते सगळे प्रश्न विचारले पाहिजेत. या लेखात सांगायचे आहे ते एवढेच.

जायचे केव्हा आणि कसे?

मुंबई-ठाण्याकडच्या वाचकांना शनिवार-रविवारी ही सहल करता येते. कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी सुरू झाला आणि मालवण एका रात्रीच्या अंतरावर आले. कोकणकन्या किंवा तुतारी एक्स्प्रेसने रात्री निघावे, सकाळी कुडाळला उतरावे. तेथून मालवण सुमारे तीस किलोमीटर आहे, एस.टी. आणि रिक्षा दोन्ही मिळतात. मालवणहून तारकर्ली सहा-सात किलोमीटर आणि त्याच्या पुढे, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे देवबाग.

तिकिटाबाबत एक सूचना. दादरहून सुटणारी तुतारी मध्यरात्री बारानंतर सुटते. शुक्रवारी रात्री निघायचे असेल तर आरक्षण शनिवारच्या तारखेचे काढावे लागते. ही तारीख चुकवून फलाटावर रिकाम्या हाताने उभी राहिलेली कुटुंबे दिसतात. तसेच १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते, हेही कॅलेंडरवर नोंदवून ठेवावे.

कोल्हापूरकडच्या मंडळींना फोंडा घाटाने येता येईल. विदर्भ-मराठवाड्यातून येणाऱ्यांनी मात्र दोन दिवसांचा हट्ट धरू नये. प्रवासातच थकवा येतो आणि थकलेल्या शरीराने पाण्यात उतरणे बरे नाही.

पावसाळ्यात, जूनपासून ऑगस्टअखेरपर्यंत, समुद्र खवळलेला असतो आणि जलक्रीडा बंद असतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्याही तेव्हा बंद. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. समुद्र शांत असतो आणि पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसते. मे महिन्यात मुलांना सुट्टी असते खरी, पण गर्दी वाढलेली असते आणि महिनाअखेरीस हवेचा भरवसा राहत नाही.

स्कूबा म्हणजे नेमके काय?

स्कूबा म्हणजे पाण्याखाली श्वास घेण्याचे, पाणबुड्याने स्वतःबरोबर वागवायचे उपकरण. पूर्वी पाणबुड्याला वरच्या होडीतून नळीने हवा पुरवावी लागे. १९४३ मध्ये फ्रान्सच्या नौदलातील अधिकारी जाक कुस्तो आणि अभियंता एमिल गान्याँ या दोघांनी मागणीप्रमाणे हवा सोडणारी झडप टाकीला जोडली आणि माणूस होडीच्या नळीतून सुटला. आपण तोंडात धरतो त्या भागाला रेग्युलेटर म्हणतात. टाकीत फार मोठ्या दाबाने भरलेली हवा, आपण श्वास ओढू तेव्हा आणि त्या खोलीवर लागेल तेवढ्याच दाबाने देण्याचे काम तो करतो.

किनाऱ्यावर सर्वजण या टाकीला 'ऑक्सिजन सिलिंडर' म्हणतात. हा समज चुकीचा आहे. टाकीत आपण एरवी घेतो तीच साधी हवा गाळून, दाबून भरलेली असते. शुद्ध ऑक्सिजन थोड्या खोलीवरही शरीराला विषारी ठरतो.

नाकाने श्वास घ्यायचा नाही, तोंडाने घ्यायचा, ही पहिली सवय. नाक मास्कच्या आत बंद असते. किनाऱ्यालगत कमरेइतक्या पाण्यात याचा सराव करून घेतात. ज्याला पाच-दहा मिनिटे तिथे शांतपणे श्वास घेता आला, त्यानेच पुढे जावे. ज्याला घुसमटल्यासारखे वाटले, त्याने बेलाशक मागे फिरावे. त्यात लाज कसली?

कानाचे आणि श्वासाचे गणित

पाण्याखालचे सगळे नियम दाबातून येतात. समुद्रसपाटीवर हवेचा जो दाब असतो, तेवढाच दाब दर दहा मीटर खोलीला वाढतो. म्हणजे दहा मीटर खाली दाब दुप्पट. फुगा घेऊन तिथे गेलो तर तो निम्मा होईल आणि वर आणला की पुन्हा पूर्ववत होईल. शाळेत शिकलेला बॉईलचा नियम तो हाच. नवख्या माणसाला बारा मीटरपेक्षा खाली नेत नाहीत. मालवणला बहुतेक जण त्याहून बरेच उथळ पाण्यात फिरतात. पण दाबाचा परिणाम पहिल्या दोन-तीन मीटरमध्येच जाणवू लागतो.

पहिला परिणाम कानावर होतो. पडद्याच्या बाहेरून पाणी दाबते आणि कान दुखू लागतो. त्यावर उपाय सोपा आहे. मास्कच्या वरून नाक चिमटीत धरून हलकेच नाकातून हवा फुंकावी, म्हणजे आतून दाब सारखा होतो. हे दुखायच्या आधीच, खाली उतरता उतरता वारंवार करायचे. दुखू लागल्यावर जोर लावून फुंकू नये. थोडे वर यावे आणि पुन्हा करून पाहावे. सर्दी झाली असेल तर कानाचा मार्ग बंद असतो, म्हणून सर्दीत उतरायचेच नाही.

दुसरा परिणाम फुप्फुसावर. खाली छाती भरून घेतलेला श्वास रोखून कोणी झपाट्याने वर आला, तर आतली हवा फुगत जाते आणि फुप्फुसाला गंभीर इजा होऊ शकते. म्हणून स्कूबातला सर्वांत मोठा नियम असा, की श्वास कधीही रोखायचा नाही. सावकाश घ्यायचा, सावकाश सोडायचा.

पाण्याखाली बोलता येत नाही, म्हणून खुणा पाठ कराव्यात. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ म्हणजे 'ठीक आहे'. ताठ वर केलेला अंगठा म्हणजे 'वर चला'. आपल्याकडे अंगठा दाखवला की 'छान!' असा अर्थ होतो. त्यामुळे आनंदाच्या भरात अंगठा दाखवणाऱ्याला प्रशिक्षक मुकाट्याने वर घेऊन येतो. तळवा आडवा हलवला तर 'काहीतरी बिघडले', आणि मग कान किंवा जे दुखते त्याकडे बोट.

आमची पाळी

गेल्या हिवाळ्यात आम्ही पाच जण जाऊन आलो. मी, पत्नी, तेरा वर्षांची मुलगी, नऊ वर्षांचा मुलगा आणि सत्तरी गाठलेली आई. पाच जणांत खाली जाण्याजोगे तिघेच होते. स्कूबासाठी साधारणपणे वयाची दहा वर्षे पूर्ण लागतात, म्हणून मुलगा बाद. आईला रक्तदाब, म्हणून डॉक्टरांनी आधीच नाही सांगितले होते. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचे जुने दुखणे असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी उतरू नये. मासिक पाळी ही मात्र आडकाठी नाही. बायकांच्या मनात हा प्रश्न असतो आणि तो विचारायला संकोच वाटतो, म्हणून इथे स्पष्ट लिहिले.

आम्ही विचारपूस केलेल्या एका ठिकाणी प्रकृतीविषयीचा छापील कागद पुढे करून 'फक्त सही करा' एवढेच सांगितले गेले. वाचायला वेळ मागितला तर 'सगळे असेच करतात' हे उत्तर मिळाले. आम्ही तिथून उठलो. दुसऱ्या ठिकाणी प्रशिक्षकाने तोच कागद एकेक ओळ वाचून दाखवला, प्रत्येक प्रश्नाचे उत्तर घेतले आणि मगच सही मागितली. दर थोडा जास्त होता. तो आम्ही आनंदाने दिला.

पहिली पाळी पत्नीची आणि मुलीची, हे घरीच ठरले होते. पत्नी ऐन वेळी म्हणाली, "अहो, तुम्ही आणि ती जा. मी आईंजवळ बसते. मला कुठे पोहता येते?" त्यावर आईच म्हणाली, "माझ्याजवळ कोणी बसायला नको. माझा मुलगा बसेल, नातू बसेल. तू जा बाई." सासूने असे म्हटल्यावर प्रश्नच मिटला. पत्नीने टी-शर्ट आणि लेगिंग्ज घातली, वरून त्यांनी दिलेला रबरी पोशाख चढवला. मंगळसूत्र, बांगड्या, कानातले सगळे काढून माझ्याकडे दिले. होडी निघाली आणि मी पिशव्यांपाशी बसलो. पाऊण तासात मुलाने मला तीनदा विचारले, "बाबा, आई वर येईल ना?" मी दर वेळी हो म्हणालो, पण डोळे होडीवरून हटत नव्हते. इतकी वर्षे किनाऱ्यावर बसून पत्नी काय करत असे, ते मला त्या दिवशी कळले.

दोघी आल्या तेव्हा दात वाजत होते आणि दोघी एकाच वेळी बोलत होत्या. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे हाताजवळून गेले. खडकावर समुद्रफूल होते, त्याचे दोरे पाण्याबरोबर हलत होते. पाण्याखाली वस्तू असते त्याहून मोठी आणि जवळ दिसते, म्हणून मुलगी सारखी माशाला हात लावायला जाई आणि मासा दूरच असे. पत्नीने नेलपॉलिशची गंमत सांगितली. लालभडक रंग लावलेली नखे खाली मळकट तपकिरी दिसत होती. पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी शोषून घेते, त्याचा हा परिणाम. नंतर माझी पाळी झाली. पहिल्या दोन मीटरला माझा कान दुखला, मी खूण केली, प्रशिक्षकाने थोडे वर घेतले, मग जमले.

या भागातल्या खडकांवर प्रवाळ आहे. प्रवाळ दगडासारखे दिसते, पण ते अगणित बारीक जीवांनी बांधलेले घर असते आणि वाढायला वर्षानुवर्षे लागतात. मालवणच्या समुद्राचा २९ चौरस किलोमीटरहून थोडा अधिक भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. म्हणून त्यावर उभे राहू नये, तुकडा तोडू नये. काही ठिकाणी मासे जवळ यावेत म्हणून पाव टाकतात. माशांना पावाची गरज नाही. आपल्यासाठी तरी टाकू नका, असे सांगावे.

धोका कुठे आहे?

आता गंभीर गोष्ट. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा करून परतणारी, २० पर्यटकांची होडी किनाऱ्याजवळ उलटली आणि २ पर्यटकांचा मृत्यू झाला. त्याआधी १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून सहलीला आलेल्यांपैकी ८ जण बुडाले. ते स्कूबा करत नव्हते, नुसते समुद्रात उतरले होते.

या दोन घटना नीट पाहिल्या तर एक गोष्ट लक्षात येते. आपल्याला भीती वाटते ती खोल पाण्याची, पण तिथे शेजारी प्रशिक्षक असतो. माणसे दगावली ती होडीच्या प्रवासात आणि किनाऱ्याच्या पाण्यात, जिथे आपण निर्धास्त असतो. लाट किनाऱ्यावर येते तसे ते पाणी कुठून तरी परतही जाते, आणि परतणारा हा ओढा चांगल्या पोहणाऱ्यालाही आत नेतो. त्यात सापडल्यास किनाऱ्याकडे झुंजत न बसता किनाऱ्याला समांतर सरकावे, तरंगत राहावे आणि हात वर करून मदत मागावी. स्थानिक माणसाने 'इथे उतरू नका' म्हटले, की वाद घालू नये. ज्यांच्या पिढ्या या पाण्यावर मासेमारीत गेल्या, त्यांचा शब्द आपल्या दोन दिवसांच्या उत्साहापेक्षा मोठा आहे.

पैसे देण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत :

१) प्रशिक्षकाकडे प्रमाणपत्र आहे का? ते दाखवाल का?
२) पोहता न येणाऱ्या एका माणसामागे एक प्रशिक्षक असेल का?
३) होडीची क्षमता किती माणसांची आहे आणि आज किती बसवणार?
४) जाताना आणि येतानाही प्रत्येकाला लाइफ जॅकेट आहे का?
५) होडीवर प्रथमोपचार आणि ऑक्सिजनची सोय आहे का? परवाना आणि विमा आहे का?
६) हवा बिघडली तर पैसे परत मिळतील का?

हे विचारताना कोणी कपाळाला आठ्या घातल्या तर तेच उत्तर समजावे. आणि लाइफ जॅकेट हातात धरून बसण्यासाठी नसते. ते अंगात घालून पट्टे आवळायचे असतात. मुलांचे पट्टे स्वतः तपासावेत.

दुसरा दिवस

स्कूबा शनिवारी उरकावा आणि रविवार किल्ल्यासाठी ठेवावा. स्कूबा केल्यावर किमान बारा तास, शक्यतो अठरा तास विमानाने जाऊ नये, हाही नियम त्यामुळे आपोआप पाळला जातो. सिंधुदुर्ग किल्ला छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतला. मालवणच्या धक्क्यावरून होडी जाते. चारी बाजूंना खारे पाणी आणि आत दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. आदल्या दिवशी खाली जाता न आलेल्या आमच्या आईचा आणि मुलाचा हा दिवस होता. आईने तिन्ही विहिरींत वाकून पाहिले आणि तटावर आमच्याआधी चढली.

जेवणाची चिंता नाही. बांगडा, सुरमई, सोलकढी, कोंबडी-वडे घरोघरी मिळतात. शाकाहाऱ्यांना काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळ्या. स्कूबाच्या आधी मात्र हलके खावे, होडीत मळमळते. परतताना मालवणी खाजे घ्यावे.

हिशेब

अशा सहली कर्ज काढून करायच्या नाहीत. जानेवारीत एक डबा किंवा आवर्ती ठेव सुरू करावी. दरमहा १,००० रुपये टाकले की वर्षाला १२,००० होतात. स्लीपरचा प्रवास, घरगुती निवास आणि तिघांचा स्कूबा धरून आमची सहल या बचतीत बसली. खर्चाची पाच शीर्षके करावीत : प्रवास, मुक्काम, जेवण, स्कूबा आणि राखीव. राखीव रकमेला हात लावायचा नाही. पाण्याखालच्या फोटोंचे पैसे दरात धरले आहेत की वेगळे, हे आधी विचारावे. ज्यांना रजा प्रवास सवलत लागू आहे त्यांनी कार्यालयातील आस्थापना शाखेत चौकशी करावी. अनेक जण ती न घेताच निवृत्त होतात.

मुलांसाठी पुढची वाट

हा केवळ मौजेचा विषय नाही. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. पायरी पायरीने शिकत गेलेला तरुण किंवा तरुणी पुढे प्रशिक्षक होऊ शकते, पाण्याखालील छायाचित्रण, संशोधन, दुरुस्तीची कामे करू शकते. किनाऱ्यावरच्या कित्येक तरुणांनी हा व्यवसाय धरला आहे. आपल्या मुलांना बँक आणि स्पर्धा परीक्षेपलीकडचे एक दार यानिमित्ताने दिसते. पण या शिक्षणाची पहिली अट पोहणे ही आहे. प्राथमिक प्रमाणपत्रासाठीसुद्धा २०० मीटर पोहणे आणि दहा मिनिटे तरंगत राहणे जमावे लागते.

म्हणून सहलीची तयारी तिकिटापासून सुरू करू नये. ती नगरपालिकेच्या जलतरण तलावापासून करावी. मुलांबरोबर मुलींचे आणि त्यांच्या आईचेही नाव घालावे. अनेक तलावांवर महिलांसाठी वेगळी वेळ असते. सहा महिन्यांत हातपाय चालू लागतात, भीती मोडते आणि शरीरही सुधारते. पुढच्या हिवाळ्यात मालवणला जाल तेव्हा घरातली जास्तीत जास्त माणसे पाण्यात असतील आणि किनाऱ्यावर राहणारे पाळीपाळीने राहतील. नाव आजच घाला. हिवाळ्याला अजून वेळ आहे असे म्हणता म्हणता तो निघून जातो.